हिराचे सव्वाशे ग्रॅम

आषाढातला दुसरा शनिवार, दुपारचे साडेबारा. वजन चार किलो एकशे ऐंशी ग्रॅम. डॉक्टरांची फी आणि औषधं मिळून अकराशे चाळीस रुपये. हजर: गोंदियाचे जनावरांचे डॉक्टर, मी, माझी बायको सुमन, आणि टेबलावर आडवा पडलेला हिरा, डोळे उघडे पण कशाकडेच न पाहणारा.

हिरा म्हणजे आमचा बोका. ही नोंद चार वर्षांपूर्वीची आहे. मी तिरोडा रस्त्यावरच्या एका राईस मिलमध्ये धरमकाट्यावर बसतो. धानाचा ट्रॅक्टर आला की आधी भरलेला तोलायचा, मग रिकामा, आणि मधला फरक चिठ्ठीवर लिहून द्यायचा. सत्तावीस वर्षं हेच केल्यामुळे घरातल्या गोष्टीही मी तशाच लिहून ठेवतो. सुमन याला खोड म्हणते. असेल. पण त्या आषाढाची वही काढली की त्यातल्या आकड्यांना वास येतो, आवाज येतो, हे मी तिला सांगितलेलं नाही.

यंदाची रोवणी परवा सुरू झाली. घरामागच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, चिखलणीचा ट्रॅक्टर दिवसभर गुरगुरतो आणि त्याच्यामागून बगळे असे चालतात, जणू त्यांनाही मजुरीवर लावलंय. पऱ्ह्याच्या, म्हणजे कोवळ्या रोपांच्या, जुड्या बांधाच्या धुऱ्यावरून फेकल्या की पाण्यात चपक् असा आवाज होतो. पाठीवर प्लास्टिकचे तुकडे बांधलेल्या बाया ओळीनं वाकतात, आणि एका बांधीत सुरू झालेलं गाणं दुसऱ्या बांधीतल्या बाया पुरं करतात. चोरखमाऱ्याच्या तलावातून कालव्याला पाणी आलं की या दिवसांत आमच्या गावाला एक वेगळाच वास असतो. गाळाचा, कोवळ्या धानाचा, आणि मिलमधून येणाऱ्या उकड्या धानाच्या वाफेचा. या वासानं दुसऱ्या कुणाला काय काय आठवत असेल. मला कोंबडीचं कच्चं काळीज आठवतं.

हिरा तसा सुमनचा. चोरखमाऱ्याकडे तिचं माहेर. तिथे धानाच्या ढोलीमागे मांजरीनं पिल्लं घातली होती, त्यातलं एक पिवळ्या पट्ट्यांचं पिल्लू तिच्या पदरात बसून एसटीनं आमच्या घरी आलं. मिलमध्ये तांदळाचा नमुना तोलायचा छोटा काटा असतो, त्यावर तेव्हा एकशे नव्वद ग्रॅम भरलं होतं. सुमनच्या माहेरी तीन पिढ्यांत कुणी मांस-मासोळी खाल्लेली नाही. लग्नानंतर आमच्याही घरातून ते गेलं, आणि खरं सांगायचं तर मला त्याची फारशी आठवणही राहिली नाही. हिरा दूध-पोळीवर वाढला. पुढे आमचा मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि दर महिन्याला पार्सल येऊ लागलं: तीन किलोची चकचकीत पिशवी, आत मांजरासाठीचे कोरडे दाणे, खडूसारखे, माशाच्या आकाराचे. पोराची माया होती ती. हिराला दाणे इतके आवडले की त्यानं दूध सोडलं, पोळी सोडली. पाणी तर तो परक्याच्या घरी आल्यासारखा प्यायचा, दोन घोट, मान ठेवायला.

मग एका शुक्रवारी तो राखेच्या ढिगाजवळ बसला आणि जोर करू लागला. उठायचा, ओरडायचा, दुसरीकडे जाऊन पुन्हा बसायचा.

"याले लघवी होऊन नाई राहिली जी," सुमन म्हणाली.

मी म्हटलं, पोट साफ नसेल, सकाळी पाहू. सकाळी त्याचं पोट हाताला चेंडूसारखं घट्ट लागत होतं. पाऊस पडत होता. पिशवीत हिरा, पिशवी सुमनच्या मांडीवर, वरून प्लास्टिक, आणि मोटारसायकलवर गोंदियापर्यंत एक तास दहा मिनिटं. रस्त्याभर तो एकदाही ओरडला नाही. त्याचीच जास्त भीती वाटत होती.

डॉक्टरांनी नळी घालून लघवी मोकळी केली. हात धुता धुता बोलले ते माझ्या वहीत जवळजवळ शब्दशः आहे. कोरडे दाणे बंद करायचे. त्यानं आणि पाणी न पिण्यानं खडे होतात. ओलं मांस द्यायचं. शिजवून दिलं तरी चालेल, कच्चं दिलं तरी, पण कच्चं असेल तर ताजं हवं आणि चांगल्या ठिकाणचं हवं. मीठ-मसाला अजिबात नको. रोज सव्वाशे ग्रॅम: नव्वद मांस, पंधरा हृदय, दहा काळीज, दहा कुटलेलं कोवळं हाड.

"आणि भूक लागली की खाईल आपोआप, असं करू नका," ते म्हणाले. "बोका दोन-तीन दिवस उपाशी राहिला की यकृतावर येतं. दाणे पाण्यात भिजवून देत राहा, रोज थोडे कमी करा, मांस वाढवा. पुन्हा तुंबलं तर वाचेलच असं मी सांगणार नाही."

म्हणजे दाण्यांवर ठेवला तर मरेल, आणि दाणे तोडले तरी मरेल. मधली वाट सव्वाशे ग्रॅमची होती, आणि ती आमच्या घरात कधी न आलेल्या वस्तूची होती.

घरी आल्यावर सुमननं हिराला पोत्यावर ठेवलं, चुलीसमोर उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "शिजवाचं नाई. माह्या चुलीवर नाई, माह्या भांड्यात नाई. फ्रीजात तर नाईच नाई." मग पोत्यावरच्या हिराकडे वळून, "कच्चं देल्लं त चुलीचा संबंध येत नाई. सांदवाडीत द्या."

सांदवाडी म्हणजे आमचं परसू. पपईच्या झाडाखाली एक जुनी अल्युमिनियमची थाळी ठेवली, आणि हिराचं कच्चं खाणं आमच्या घरात असं ठरलं. लोक असल्या गोष्टी पुस्तकं वाचून ठरवतात म्हणे. आमच्याकडे चुलीनं ठरवलं.

गावाच्या वळणावर टिनाच्या छपराखाली गयाबाई बसते. जातीनं ढिवर, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. सकाळी तलावाची मासोळी विकते आणि घरच्या गावरान कोंबड्याही कापते. गावात मला काटाबाबू म्हणतात, तीही तेच म्हणते. रविवारी सकाळी मी तिच्यापुढे उभा राहिलो आणि डॉक्टरांनी सांगितलेलं वजन सांगितलं.

"सव्वाशे ग्राम?" तिनं सुरी खाली ठेवली. "काटाबाबू, घरी पाहुणा आला का मुंगी?"

मी बोक्याचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तिच्या घरी फ्रीज आहे, सांजच्याला कापलेल्यातलं ती राखून ठेवील, मी रोज मिलला जाताना घेऊन जावं आणि घरी देऊन मग कामाला जावं. म्हणून पुढचे दिवस सकाळी सहा चाळीसला मी तिच्याकडे, आणि सातला सांदवाडीत.

हिरानं पहिल्या दिवशी थाळीचा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढच्या पायानं थाळीवर माती ओढल्यासारखं केलं, घाण झाकतात तसं. दुसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं तुकडे मोठे असतील, सुपारीएवढे केले. मग लहान, मग खिमा. मला वाटलं गावरान कोंबडी चिवट लागत असेल. तिरोड्याहून ब्रॉयलर आणली. तिच्याजवळ तर तो गेलाही नाही, लांबूनच वळला. मी आठवड्याचा तक्ता केला: दिलं किती, उरलं किती. उरलं सगळ्या ओळींत सव्वाशे. भिजवलेले दाणे तेवढे तो चाटायचा, तेही रोज कमी.

एकदा उशीर झाला म्हणून पुडी तशीच मिलमध्ये घेऊन गेलो. छोटा काटा बिघडला होता. सव्वाशे पुरे आहेत की नाहीत याची मला खात्री करायची होती, म्हणून पुडी धरमकाट्यावरच ठेवली. छत्तीसगडचा एक ट्रकवाला खिडकीतून बघत होता. "क्या बाबूजी," तो म्हणाला, "धरमकाटे पे नाश्ता तौल रहे हो? ट्रक चढाऊँ क्या साथ में, कुछ तो वजन दिखे?" आमचे हमाल आठवडाभर हसले. चिठ्ठी मागायला आलेला माणूसही आधी विचारायचा, बोक्यानं खाल्लं का. आज वाटतं, ते नुसतं हसत नव्हते. विचारतही होते.

नवव्या दिवशी वजन तीन किलो आठशे नव्वद. दोनशे नव्वद ग्रॅम उतरलेले. धानाच्या गाडीत एवढा फरक आम्ही बघतही नाही. हिराच्या अंगावर तो पाठीच्या कण्यावरून बोट फिरवलं की लागायचा. सुमन रोज संध्याकाळी त्याला मांडीवर घेऊन बसायची आणि रोवणीच्या गाण्याकडे कान देऊन असल्यासारखं करायची.

दहाव्या दिवशी सकाळी मी आदल्या दिवशीची थाळी तशीच झाकून गयाबाईकडे नेली. म्हटलं, बघ बाई, तुझं मांस चांगलं, माझे तुकडे चांगले, तरी हा खात नाही. तिनं झाकण काढलं.

"हे पिवरं कायचं जी?"

"धुतलंय ना."

"कायनं?"

"हळद-मिठानं. दुसऱ्या कशानं धुतात?"

गयाबाई आधी नुसती बघत राहिली. मग जी हसली ती हसतच राहिली. समोर मासोळी घ्यायला आलेल्या दोघी बायांना तिनं थाळी दाखवली. "अवं माय! काटाबाबू बोक्याले रस्सा करून राहिले!" मग एकदम गंभीर झाली. "डाक्टरानं मीठ नाई म्हटलं होतं ना?"

म्हटलं होतं. मी ते लिहूनही घेतलं होतं. पण माझी आई, कोंबडी किंवा मासोळी घरात आली की आधी परातीत घेऊन हळद-मीठ चोळायची, मग पाण्यानं धुवायची. मी लहानपणी तेच पाहिलं होतं. ते मसाला लावणं नव्हतं, स्वच्छ करणं होतं. सुमनच्या घरात कच्चं मांस आणायचं म्हणजे निदान स्वच्छ तरी असावं, म्हणून मी दोनदा चोळत होतो. लघवीत खडे झालेल्या जनावरापुढे मी रोज सकाळी मीठ ठेवत होतो, तेही तोलून. आणि तो खात नव्हता म्हणून आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो. त्याच्या नाक मुरडण्यानं नऊ दिवस त्याला माझ्यापासून वाचवलं होतं. या एका गोष्टीसाठी मी त्याच्या नखऱ्यांना पुढे कधी नावं ठेवली नाहीत. आजही तो थाळीभोवती दोन फेऱ्या मारून मगच तोंड घालतो. मी वाट बघतो.

त्या दिवशी साध्या पाण्यानं धुतलेलं मांस नेलं. हिरानं पहिल्यांदाच ते चाटलं. एकदा, दोनदा. मग मान वळवली. दुसऱ्या दिवशी भिजवलेल्या दाण्यांनाही तोंड लावलं नाही. मी पुन्हा वळणावर गेलो. गयाबाईनं एका वाक्यात निकाल दिला. "थंडं हाये ते. उंदीर काय फ्रीजातून निंगते का? तळहातावर धरा, ऊन होऊ द्या, मंग पुढं करा."

मी सांदवाडीत बसलो, तळहातावर तुकडे, वर दुसरा हात झाकून. पाच मिनिटं. हिरा पपईमागे जाऊन बसला. बारा दिवस त्याला दाबून धरून औषध पाजणारे हात माझेच होते; त्या हातातून तो अमृतही घेणार नव्हता. वजन तीन किलो सातशे नव्वद. चोवीस तास पोटात काही नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, उद्या सकाळपर्यंत पाहा, नाहीतर घेऊन या, नाकातून नळी घालून भरवू. टिकेल का, ते सांगता येत नाही.

हे मी सुमनला सांगितलं. ती ऐकून देवघरात गेली. तिला काही मागणं मला बरोबर वाटलं नाही. एकवीस वर्षांत तिनं माझ्यासाठीही त्या वस्तूला हात लावला नव्हता, आणि मीही कधी लाव म्हटलं नव्हतं.

सकाळी मी गयाबाईकडून आलो तर ती आंघोळ करून पपईखाली पाटावर बसलेली. केस ओले, पाठीवर पाण्याचा डाग, पूजा व्हायची. मला पाहून तिनं हात पुढे केला. माझ्याकडे बघितलं नाही. पपईच्या बुंध्याकडे बघत होती.

"द्या," ती म्हणाली.

मी पुडी सोडून तुकडे तिच्या तळहातावर ठेवले. तिचा हात एकदा आखडला, मग सरळ झाला. तिनं दुसरा हात वर झाकला आणि डोळे मिटून बसली. मागच्या बांधीत बायांनी काम सुरू केलं होतं, कुणीतरी मोठ्यानं कुणाच्या तरी सासूची नक्कल करत होतं, हसणं ऐकू येत होतं. सुमनच्या मनगटावरून पातळ लाल पाणी कोपरापर्यंत गेलं. तिनं ते पुसलं नाही.

"हिरा," तिनं हाक मारली. पूर्वी पोळी टाकताना मारायची तशी.

तो आला. तिच्या पायाला अंग घासलं. हात हुंगला, बोटं हुंगली, आणि बोटांच्या मधून एक तुकडा ओढून घेतला. मान तिरकी करून, दाढेखाली धरून खाल्ला. कुटलेलं हाड कडकन वाजलं. दुसरा. तिसरा. मी मोजत होतो. अकरा तुकडे, म्हणजे साधारण साठ ग्रॅम. मग त्यानं तिचा तळहात चाटून स्वच्छ केला, आणि मिशा पुसत उन्हाच्या पट्ट्यात जाऊन बसला. बारा दिवसांत पहिल्यांदा त्यानं स्वतःचं अंग चाटलं.

सुमन विहिरीवर गेली. राखेनं हात घासले, साबणानं घासले, पुन्हा आंघोळ केली. पूजा एक तास उशिरा झाली. मी मिलला जाणं विसरून दारात उभा होतो. न राहवून विचारलं, कसं वाटलं.

"आगुदर गिलगिलं वाटलं," ती म्हणाली. "मंग त्याची जीभ लागली." आणि आत जाता जाता, "उद्या बारीक कापजा. मोठे तुकडे ओढा लागतेत त्याले."

त्या दिवशी मिलमध्ये मी दोन चिठ्ठ्या चुकीच्या लिहिल्या. सत्तावीस वर्षांतल्या माझ्या चुका मी बोटांवर सांगू शकतो. त्यातल्या या दोन मला आवडतात.

पाच दिवसांत तो सव्वाशेवर आला. आणि सहाव्या दिवशी श्रावण लागला.

गयाबाईनं आदल्या सकाळीच सांगितलं होतं. "उद्यापासून श्रावण. मी कापून विकत नाई. दुकान बंद. मीबी रोवणीले जातो."

तिरोड्याची ब्रॉयलर नुसत्या पाण्यानं धुतलेलीही हिरा हुंगत नव्हता, ते आम्ही मधे एकदा पाहिलं होतं. "मग हिराचं?" मी म्हटलं.

"हिराले नाई म्हटली का मी? विकत नाई म्हटली." तिनं पुडी बांधून माझ्या हातात दिली. "माह्या घरी पोरं रोवणीचं काम करून येतेत, ते खातेत. त्यातलं त्याचं काढून ठेवीन. सकाळी येजा. पण पैसे आणजा नोका. श्रावणात मी कोंबडीचा पैसा हातात घेत नाई."

श्रावणभर ते तसंच झालं. सकाळी सहा चाळीसला तिच्या अंगणात जायचं. ती डोक्याला पदर बांधून शेतावर निघालेली असायची. पळसाच्या पानात पुडी तयार. एकदा मी शंभराची नोट चुपचाप तुळशीजवळ दगडाखाली ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी तीच नोट पुडीच्या पानात गुंडाळून परत आली, ओली. "हिरा नोट खाते का जी?" तिनं विचारलं. त्यानंतर ठेवली नाही.

घरी सुमन रोज दोनदा आंघोळ करायची. एकदा उठल्यावर, एकदा हिराला भरवून झाल्यावर. सोमवारी उपास असला तरी भरवायची. राखीला माझी बहीण आली, तिनं पपईखालचं दृश्य पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "काऊन वो वहिनी, श्रावणात? तू?"

सुमननं हिराच्या तोंडापुढचा हात हलवलाही नाही. "देवाले सांगतली मी," ती म्हणाली. "त्यानं काई नाई म्हटलं नाई. तुले म्हणाचं असन त म्हण."

बहीण जाताना हिराच्या पाठीवरून हात फिरवून गेली.

तो श्रावण आठवला की मला वाटतं, आमच्या घरात त्यापेक्षा पवित्र काही झालं नसेल. असं मी मोठ्यानं बोलत नाही, कारण सुमन लगेच म्हणेल, पवित्र काय त्यात, बोका जगवायचा होता. तेही खरंच आहे. बाहेर रोवणी उरकत आली होती. पिवळट पडलेली रोपं आठ दिवसांत हिरवी धरत होती. हिराचा कणा हळूहळू मांसाखाली गेला. पुण्याहून पार्सल आलं, ते सुमननं न उघडता परत पाठवायला लावलं आणि पोराला फोनवर एवढंच म्हणाली, "तू ये. दाणे नको पाठवू." तो दिवाळीला आला.

पोळ्याच्या दिवशी, अमावस्येला, वजन चार किलो दोनशे दहा. डॉक्टरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, आता मला विसरलात तरी चालेल. गेली चार वर्षं त्यांच्याकडे जावं लागलेलं नाही. आज सकाळी हिरा चार किलो तीनशे चाळीस भरला, आणि मी हे लिहीत असताना वहीच्या डाव्या पानावर बसलेला आहे, म्हणून उजव्या पानावर लिहितो आहे.

पण त्या पोळ्याला माझ्यापुढे एक अडचण होती. संध्याकाळी बैल मिरवून झाल्यावर मी गयाबाईकडे गेलो. श्रावण संपला होता. एकोणतीस दिवस, रोज सव्वाशे, एकूण तीन किलो सहाशे पंचवीस ग्रॅम, गावरान. मी तिला विचारलं, किती द्यायचे.

"मी विकलीच नाई त मोल कायचं सांगू?" ती अंगणात बसून सुऱ्या घासत होती. दुसऱ्या दिवशी कर. श्रावणाचा महिनाभर न खाल्लेलं सगळं गाव पोळ्याच्या करीला एका सकाळी खातं. तिच्या वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. खुराड्यात कोंबड्या गजबजलेल्या होत्या.

"मग मी काय करू?" मी म्हटलं. माझ्या कामात असं कधी झालेलं नाही. माल उतरला आहे, वजन झालं आहे, आणि भावच नाही.

तिनं सुरी पाण्यात बुडवून पुन्हा दगडावर ओढली. मग माझ्याशी नव्हे, सुरीशी बोलावं तसं म्हणाली, "सून बारतपणाले माहेरी गेली. दरसाली तेच तराजू धरते. उद्या कापू का मोजू, काय करू, समजून नाई राहिलं."

"मी येतो," मी म्हटलं.

तिनं वर पाहिलं. "तुमी? मिल?"

"रजा टाकतो."

"अन् सुमनबाई घरात घेईन का तुमाले, कोंबडीच्या दुकानातून आल्यावर?"

सुमनला विचारलं तेव्हा ती पुरण वाटत होती. तिनं हात थांबवला. "जा," ती म्हणाली. "पण आल्यावर सांदवाडीतच आंघोळ करजा. टावेल तिकडेच ठेवतो."

करीच्या सकाळी साडेसहाला मी टिनाच्या छपराखाली बसलो. सातला रांग रस्त्यापर्यंत. गयाबाई कापायची, मी तोलायचो. गावानं मला सोडलं नाही. "काय गा काटाबाबू, मिलवाल्यानं काढून टाकलं का?" एका म्हाताऱ्यानं पुडी हातात घेऊन विचारलं, "ओलावा किती टक्के कापला जी?" धानाच्या वजनातून ओलावा कापतो म्हणून दरवर्षी माझ्याशी भांडणारा तो माणूस. रांगेतले सगळे हसले, मीही हसलो.

तराजू जुना, साखळ्यांचा. मी सवयीनं काटा अगदी मधोमध येईपर्यंत थांबायचो, एक तुकडा काढायचो, एक लहान टाकायचो. चार-पाच गिऱ्हाइकं झाल्यावर गयाबाई सुरी न थांबवता म्हणाली, "काटाबाबू, थोडा खाली पडू द्या जी. सण आहे लोकायचा."

मी मालाचं पारडं खाली पडू दिलं. पहिल्यांदा हात अडला. मग नाही. किती जास्त गेलं ते मी लिहिलं नाही.

दीड वाजता खुराडं रिकामं झालं. गयाबाईनं हात धुतले, चहा आणवला, आणि दिवसाचे पैसे पिशवीतून माझ्यापुढे ओतले. मी नोटा सरळ केल्या, दोनदा मोजून तिच्या हातात दिल्या. तिनं त्या न मोजता कमरेला खोवल्या.

श्रावणाबद्दल शेवटी दिलं ते हे: मिलची एक रजा, सकाळी साडेसहा ते दुपारी दीड, तराजू धरून. गयाबाईला.